सहा बोटांचा उमेदवार

बायको गरोदर असताना नवऱ्यानं काय करू नये, हे जावा बेटावरच्या सोलो शहरात कुणालाही झोपेतून उठवून विचारा, घडाघडा म्हणून दाखवेल. झुरळ मारू नये. कोंबडी कापू नये. उंबऱ्यात बसू नये. कुणाच्या व्यंगाला हसू नये. आणि काही वेडंविद्रं नजरेस पडलंच, तर पोटावरून हात फिरवून लगेच "अमित-अमित जबांग बायी" म्हणावं, म्हणजे पोटातल्या लेकराला ते बाधत नाही. या सगळ्यात 'कॉम्प्युटरवर एकडोळ्या राक्षस बनवू नये' असं कुठल्याही वाडवडिलांनी सांगून ठेवलेलं नाही. गुरित्नोचा सगळा बचाव एवढ्या एका मुद्द्यावर उभा होता, आणि तो ऐकून घ्यायला कुणी तयार नव्हतं.

गुरित्नो पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून. दिवसभर नळाला पाणी का येत नाही हे लोकांना समजावून सांगायचं आणि संध्याकाळी घरी येऊन जादूटोण्याच्या, तलवारींच्या एका गेममध्ये डोकं घालायचं, असा त्याचा सरळ संसार होता. खेळण्यात तो यथातथाच. त्याचा हात चाले तो पात्रं बनवण्यात. बाकीचे खेळाडू काय बनवतात? रुंद छातीचा योद्धा, नाही तर लांब केसांची तिरंदाज पोरगी. जिकडे बघावं तिकडे देखणे. गुरित्नोला देखण्या माणसांचा पहिल्यापासूनच कंटाळा होता, आणि त्याच्याकडे एकदा बघितलं की का होता तेही कळायचं. त्यानं बनवलेला सरदार रक्त बघून घेरी येऊन पडे. त्याच्या जादूगाराची दाढ दुखे, त्यामुळे त्याचे निम्मे मंत्र वाया जात. एक चेटकीण तर घासाघीस केल्याशिवाय लढतच नसे.

अशा माणसाला बांडुंगच्या गेमवाल्या कंपनीची जाहिरात दिसली. 'जगावेगळं पात्र बनवा. लोकांनी सर्वांत जास्त मतं दिलेलं पात्र आमच्या गेममध्ये कायमचं राहील.' कायमचं! कारकुनाला आयुष्यात कायमची अशी एक नोकरीच मिळते. गुरित्नोनं रजा टाकली आणि बुतो ग्रोबोग नावाचा राक्षस घडवला. कपाळाच्या मध्यावर एकच डोळा, कान खांद्यावर लोंबणारे, दोन्ही हातांना सहा-सहा बोटं, हनुवटीखालून वर आलेला एक सुळा. आणि खरी गंमत म्हणजे हा बुतो कुणालाही हाणण्याआधी दोन्ही हात जोडून माफी मागायचा. लास्त्री, म्हणजे गुरित्नोची बायको, ते बघून इतकी हसली की तिला भिंतीला टेकून बसावं लागलं.

ती हसली याचं गुरित्नोला फार बरं वाटलं. कारण लास्त्रीला याआधी दोनदा दिवस राहिले होते आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यातच सगळं संपलं होतं. डॉक्टरांनी दोन्ही वेळा "होतं असं कधी कधी" म्हणून खांदे उडवले होते. घरात त्यावर कुणी बोलत नसे. यावेळी पाचवा महिना लागला होता, आणि गुरित्नो जिन्याच्या पायऱ्यासुद्धा आवाज न करता उतरत होता.

अशात वोनोगिरीहून सासूबाई आल्या. बु कार्सिना. बु म्हणजे बाई, मानानं. लेकीची काळजी घ्यायला म्हणून आल्या आणि आल्या आल्या चप्पल काढून सरळ कॉम्प्युटरसमोर उभ्या राहिल्या.

"हे काय?"

"आई, हा गेम आहे."

"गेम कळतो मला. हा कोण?"

"बुतो ग्रोबोग."

"अमित-अमित जबांग बायी!" त्यांनी आधी स्वतःच्या पोटावरून हात फिरवला, मग आत जाऊन लास्त्रीच्या पोटावरून फिरवला आणि परत आल्या. "कुणी बनवलं हे ध्यान?"

"मीच."

"तू? माझ्या पोरीला पाचवा लागलाय आणि तू इथं बसून सहा-सहा बोटं चिकटवतोयस? एक जास्तीचं काय फुकट मिळत होतं म्हणून घेतलंस?"

"आई, ते खरं नाहीये."

"आणि तो कोपऱ्यातला आकडा कसला?"

गुरित्नोनं खाली मान घालून सांगितलं. तो आकडा त्यानं आजवर गेममध्ये ठार केलेल्या शत्रूंचा होता, आणि त्यात पाच अंक होते.

"अरे, झुरळ मारू नये म्हणतात अशा दिवसांत! आणि तू पलटणीच्या पलटणी कापत बसलायस?"

"खोटे असतात ते, आई."

"खोटे आहेत तर मारतोस कशाला?"

याचं उत्तर गुरित्नोनं पुढे बरेच दिवस शोधलं, पण सापडलं नाही.

तसा तो शिकलेला माणूस. असल्या गोष्टींवर त्याचा विश्वास नव्हता. पण विश्वास नसण्यासाठी मन घट्ट लागतं, आणि त्याचं ते दोनदा मोडून झालं होतं. ज्या गोष्टीचं कारण डॉक्टरलाही सांगता येत नाही, तिला कुठलंही कारण चालतं. आज एक डोळा, उद्या सहा बोटं, परवा सुळा. कचेरीत पाण्याची बिलं तपासताना त्याला मध्येच घाम फुटू लागला. त्यानं गेममधली मारामारी बंद केली. त्याचा सरदार आता डास दिसला तरी डोंगर ओलांडून पळून जायचा. आणि सासूबाईंना त्यानं शब्द दिला की राक्षस काढून टाकतो.

काढून टाकतो म्हणणं सोपं. कंपनीचं उत्तर आलं की एकदा दाखल केलेलं पात्र मागं घ्यायचं असेल, तर मुद्रांक लावलेलं निवेदन पाठवा, आणि आपण आपणच आहात असं आपल्या गल्लीच्या प्रमुखांचं पत्र जोडा. राक्षस घालताना कुणी काही विचारलं नव्हतं. काढताना मात्र माणसाची ओळख पटवायची होती.

गल्लीचे प्रमुख म्हणजे पाक वार्सितो. वडीलधाऱ्या पुरुषाला इथं मानानं पाक म्हणतात. निवृत्त हेडमास्तर. गुरित्नो त्यांच्याकडे गेला. आता सोलोतल्या रीतीप्रमाणे मोठ्या माणसाकडे जाऊन धाडकन कामाचं बोलणं म्हणजे त्याच्या चहात थुंकण्यासारखं. म्हणून आधी चहा झाला. मग पिंजऱ्यातल्या कवड्याच्या गळ्याचं कौतुक झालं. मग पाक वार्सितोंच्या गुडघ्याची चौकशी झाली. तिसऱ्या कपाला गुरित्नोनं हळूच विषय काढला.

"पाक, मी एका स्पर्धेत भाग घेतलाय. गेमच्या."

"वा! कुठे? बांडुंगला? वा!"

"पण मला वाटतं, मी काही त्या लायकीचा नाही. माझ्याहून चांगले पुष्कळ आहेत. त्यांनाच पुढे जाऊ द्यावं. आपण आपलं बाजूला झालेलं बरं, असं मनात आलं."

झालं! इथं चुकलं. सोलोत ज्याला एखादी गोष्ट मनापासून हवी असते तो नेमकं हेच बोलतो, शब्दन् शब्द. लग्नाला मुलगी पसंत असणाराही हेच म्हणतो आणि निवडणुकीला उभा राहणाराही हेच म्हणतो. पाक वार्सितोंचे डोळे पाणावले.

"किती हा विनय! अरे, हल्लीच्या पोरांत राहिलाय का हा?"

"नाही पाक, खरंच सांगतो. नाही जिंकलो तर मला आनंदच होईल."

"ऐकलंस का गं?" त्यांनी आत बायकोला हाक मारली. "म्हणतो, नाही जिंकलो तरी आनंद! याला म्हणतात संस्कार."

'पाक, माझा राक्षस मला नकोय, तो घालवा,' हे एकच वाक्य बोलायचं होतं. गुरित्नोनं ते तीनदा ओठापर्यंत आणलं आणि चहाबरोबर गिळलं. पाक वार्सितोंनी स्वहस्ते पत्र लिहिलं की सदर तरुण सद्वर्तनी, नम्र व गल्लीचे भूषण असून त्यास विजयी करावे. शिक्का मारला. गुरित्नो "उपकार झाले" म्हणून वाकून बाहेर पडला आणि कोपऱ्यावरच्या भिंतीला डोकं टेकून उभा राहिला.

संध्याकाळी गल्लीच्या ग्रुपवर हुकूम सुटला. 'आपल्या गुरित्नोंना मत द्या. सतरा नंबर दाबा. दाबल्याचा फोटो इथे टाका.' आमच्या गल्लीत एकदा गटार साफ करायचं ठरलं की आजारी माणूससुद्धा फावडं घेऊन येतो. इथं तर नुसतं बोट दाबायचं होतं. राक्षसाचं चित्र बघायला आणखी एक ठिकाणी दाबावं लागायचं. तेवढी कुणी तसदी घेतली नाही. पाक वार्सितोंच्या पत्नी बु वार्सितो तर दारोदार फिरून म्हाताऱ्यांचे फोन मागून घेत होत्या आणि त्यांच्या वतीनं दाबत होत्या. गुरित्नो हरला तर राक्षस आपोआप पुसला जाणार होता. तो आता रोज हरण्यासाठी प्रार्थना करत होता, आणि सगळी गल्ली तो जिंकावा म्हणून. देवाची पंचाईत झाली असणार.

सगळ्यात मोठा घाव घरातूनच बसला. एके दिवशी जेवताना बु कार्सिना अभिमानानं म्हणाल्या, "मी पण दाबलं. वोनोगिरीच्या आमच्या सगळ्या भजनवाल्या बायकांना दाबायला लावलं. जावयाचं काही चांगलं चाललंय, म्हटलं."

गुरित्नोच्या हातातला घास ताटात पडला.

"आई, तुम्ही ज्याला मत दिलंत ना..."

"हं?"

"तो तोच आहे."

बु कार्सिनांनी ताट बाजूला सारलं. मग त्यांनी स्वतःच्या उजव्या अंगठ्याकडे परक्याच्या अंगठ्याकडे बघावं तसं बघितलं. "या हातानं?" एवढंच म्हणाल्या. लास्त्री तोंडावर हात धरून आत पळाली. हसायला पळाली की रडायला, हे गुरित्नोला कळलं नाही आणि विचारायची हिंमत झाली नाही.

मदतीला कचेरीतला बोंदान धावला. या बोंदानला प्रत्येक अडचणीवर उपाय ठाऊक असतो, फक्त त्यातून पुढे काय होईल ते ठाऊक नसतं. "मागं घेता येत नसेल तर सुधार की," तो म्हणाला. "नियमात आहे. एकदा, फक्त एकदा, चेहरा बदलता येतो. छान, गोजिरवाणा करून टाक. म्हणजे बाळाला जे काही लागायचं ते चांगलंच लागेल."

गुरित्नो घरी आला, कॉम्प्युटर सुरू केला, तर सासूबाई मागं उभ्याच. "सरक," म्हणाल्या आणि शेजारी स्टूल ओढून बसल्या. डोळे दोन झाले. कान जागेवर आले. "कपाळ रुंद कर. हुशार निघेल. भुवया एवढ्या नकोत, हट्टी होईल. ओठ पातळ. आणखी पातळ. नाक... नाही, असं नाही. जरा खाली. हं. जरा बारीक. थांब!"

त्या स्क्रीनकडे बघतच राहिल्या. "हे त्यांचं नाक आहे," त्या हळूच म्हणाल्या.

'ते' म्हणजे लास्त्रीचे वडील. जाऊन नऊ वर्षं झाली होती. गुरित्नोलाही गलबलून आलं. त्यानं आदरानं बटण दाबलं आणि चेहरा कायम झाला. आणि मग दोघांच्याही एकदमच लक्षात आलं की चेहऱ्याखालचं सगळं तसंच आहे. सहा बोटं हातात होती, म्हणून ती राहिली. सुळा कंपनीच्या हिशेबानं शस्त्र होता, म्हणून तोही राहिला. आधी तो नुसता राक्षस दिसायचा. आता तो घरातलाच कुणीतरी राक्षस झाल्यासारखा दिसत होता.

"परत कर!" बु कार्सिना किंचाळल्या.

"एकदाच करता येतं, आई."

"अरे मेल्या, माझ्या नवऱ्याला सुळा लावलास!"

तेव्हापासून त्यांनी वरच्या आवाजात जप सुरू केला. लोकांना मात्र नवा बुतो भलताच आवडला. असं भेसूर काही त्यांनी पाहिलंच नव्हतं. मतं दुपटीनं वाढली, आणि गुरित्नोची झोप उडाली ती उडालीच. लास्त्रीनं कूस बदलली तरी तो उठून बसायचा. "काय झालं? दुखतंय का?" ती म्हणायची, "काही नाही हो, झोपा." पण तीही जागीच असायची.

सातवा महिना लागला आणि मितोनीचा, म्हणजे सातव्या महिन्यातल्या डोहाळजेवणाचा, दिवस ठरला. अंगणात मांडव पडला. फुलं टाकलेलं पाणी मोठ्या घंगाळात भरलं. गल्लीतल्या सात वडीलधाऱ्या बायका लास्त्रीला आंघोळ घालणार होत्या. दोन कोवळ्या पिवळ्या नारळांवर देखणा देव आणि देखणी देवी कोरून ठेवली होती, बाळानं त्यांच्यावर जावं म्हणून. सगळं सुंदर, सगळं शुभ. गुरित्नोला कित्येक आठवड्यांनी जरा मोकळा श्वास घेता आला. पहिल्या बाईनं पहिली करवंटी लास्त्रीच्या डोक्यावर ओतली, आणि तेवढ्यात फाटकातून पाक वार्सितो चार माणसं आणि एक भलंमोठं भेंडोळं घेऊन आत आले.

"गल्लीकडून छोटीशी भेट!" ते म्हणाले. "आपला उमेदवार शेवटच्या तिघांत पोचलाय!"

भेंडोळं सोडलं. फाटकाच्या वरच्या बांबूपासून जमिनीपर्यंत बुतो ग्रोबोग उभा राहिला. सुळ्यासकट, सहा बोटांसकट, सासऱ्यांच्या नाकासकट. खाली सोनेरी अक्षरांत 'अभिनंदन!' आणि बरोबर समोर, ओल्या लुगड्यात, सात महिन्यांची गरोदर लास्त्री.

 सोलोत माणसं अशा वेळी बोलत नाहीत. फक्त अंगणभर पोटांवरून हात फिरू लागले. पुरुषसुद्धा फिरवत होते. पाक वार्सितोंनी चित्र त्या क्षणी पहिल्यांदा नीट पाहिलं असावं, कारण त्यांचंही हसू गालावरच थिजलं.

गुरित्नो धावला. सतरंजी घेऊन शिडीवर चढला आणि बुतोचं तोंड झाकू लागला. तोंड झाकलं तर बोटं उघडी पडली. बोटं झाकायला वाकला, तर शिडी सरकली. तो बॅनरला लोंबकळला, आणि सगळ्या गल्लीसमोर बॅनरसकट, सतरंजीसकट, राक्षसाच्या मिठीत जमिनीवर आला. तो तिथंच, चिखलात बसून ओरडला.

"मला जिंकायचं नाहीये! ऐका सगळे! मला हा नकोय, कधीच नको होता! दोन गेली आमची. दोन! का गेली कुणी सांगत नाही. हे तिसरं माझ्या हातानं जाईल म्हणून मी दोन महिने मरतोय, आणि तुम्ही मतं देताय!"

असं सरळ बोलणं त्या अंगणात यापूर्वी कुणी ऐकलं नव्हतं. पाक वार्सितोंनी टोपी काढून हातात घेतली. बोंदान खांबामागं गेला.

लास्त्री तशीच उभी होती. पाणी अजून गळत होतं. "अहो," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, तुम्हाला भीती वाटत नाही. मी एकटीच घाबरलेय, असं वाटायचं मला." मग ती आईकडे वळली. "आई, मला नाक नको, कपाळ नको. ते देवाचे नारळ नाही ठेवलेत तरी चालतील. सहा बोटं असू देत, मी सहाच्या सहा धुवीन. कान लोंबू देत. फक्त येऊ दे गं. जिवंत येऊ दे."

बायकांनी डोळे पुसले. बु कार्सिना काही वेळ जमिनीवर पडलेल्या आपल्या नवऱ्याच्या नाकाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी घंगाळातून करवंटी भरली आणि लेकीच्या पोटावर अगदी हलक्या हातानं ओतली. "ऐकलंस ना रे बाळा?" पोटाजवळ तोंड नेऊन त्या म्हणाल्या. "कसाही ये. पण सावकाश ये, दिवस भरल्यावर ये." आणि पुढचं पाणी त्यांनी जावयाच्या डोक्यावर ओतलं. तो पूर्ण चिखलानं माखला होता, त्यामुळे ते लागणारच होतं.

बुतो तिसरा आला. जिंकली एक लांब केसांची तिरंदाज पोरगी. पाक वार्सितोंनी बांडुंगला निषेधाचं पत्र धाडलं. त्याचं उत्तर आलं नाही.

दिवस भरले. दवाखान्याच्या बाहेर बाकड्यावर बु कार्सिना, पाक वार्सितो, बु वार्सितो, बोंदान आणि अर्धी गल्ली बसली होती. आत फक्त गुरित्नोला घेतलं होतं. बऱ्याच वेळानं दार उघडलं आणि तो बाहेर आला. चेहरा पांढराफटक, शर्टाची बटणं एक सोडून एक लागलेली. सगळे उठून त्याच्याभोवती जमले.

"काय झालं?"

"मुलगी."

"लास्त्री कशी आहे?" बु कार्सिनांनी विचारलं.

"छान. पाणी मागतेय."

"आणि बाळ? नाक कुणाचं?"



"कान कसे आहेत रे?" बु वार्सितोंनी विचारलं. "रंग?"

"बोटं मोजलीस का?" बोंदाननं खालच्या आवाजात विचारलं.

गुरित्नोनं आठवून बघितलं. तो आत होता. नर्सनं बाळ त्याच्या हातात दिलं होतं. तो त्याच्याकडे चांगला बराच वेळ बघत उभा होता. पण नाक, कान, बोटं, काही म्हणता काही त्याला आठवेना.

"बघायचं राहिलं," तो म्हणाला. "ती रडतेय हो. खूप मोठ्यानं रडतेय."

आणि ते सांगता सांगता तोही रडायला लागला.